लोहाराची चिंधी

कळसाडीच्या वाटा बैलगाड्यांनी पाडलेल्या होत्या आणि त्यांना रूपचंद पाटलाच्या मोटारीशी काही देणंघेणं नव्हतं. गाड्यांची चाकोरी रुंद, मोटारीची दोन चाकं त्याहून वीतभर आत. त्यामुळे मोटार गावाबाहेर पडली की तिचं एक चाक चाकोरीत आणि दुसरं मधल्या उंचवट्यावर, अशी ती लंगड्या म्हशीसारखी चालायची. चाकोरी ओढायची एकीकडे, पाटील हातातलं चाक फिरवायचा दुसरीकडे. मोटार जुनीच विकत घेतलेली; तीन वर्षं ही ओढाताण चालली. पाटील थकला नाही, चाकोरीही थकली नाही. झिजली ती दोघांच्या मधली दांडी.

ही दांडी म्हणजे मोटारीचं सुकाणूच. पाटलानं हातातलं चाक फिरवलं की खाली एक लोखंडी हात हलतो, तो या लांब दांडीला मागेपुढे ढकलतो आणि ती पुढची चाकं वळवते. दांडीच्या टोकाला वाटी, वाटीत गोळा. ती वाटी झिजून इतकी ऐसपैस झाली की पाटलानं चाक पाव फेरा फिरवावं, तेव्हा कुठे पुढच्या चाकांना जाग यावी. एकोणीसशे छत्तीस सालच्या भादव्यात मोटार भर दुपारी वाट सोडून कडब्याच्या गंजीत शिरली. मुंबईला पत्र गेलं. उत्तर आलं की इतक्या जुन्या मोटारीचे भाग आता मिळत नाहीत, नवी मोटार घ्यावी.

नवी मोटार घ्यायच्या आधी पाटील गावातल्या झिपरू लोहाराकडे आला. आला तो जरा नाइलाजानंच, आणि ते त्याला लपवताही आलं नाही.

"दसराले मायले मोटरमा बसाडीसन शिलंगणले लई जावानं शे," तो म्हणाला. "मन्ही जबान दियेल शे तिले. तुन्हाथाईन व्हई ते सांग. बैलगाडीनं काम आनि मोटरनं काम एक नही. नही ते मी धुळाथाईन मिस्तरी बलावस."

झिपरू पन्नाशीचा होता. पंचक्रोशीतल्या निम्म्या गाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावा त्याच्या हातच्या होत्या. 'बैलगाडीचं काम' हे पाटलानं ज्या सुरात म्हटलं, तो सूर त्याला जिव्हारी लागला.

"मिस्तरी कसाले? व्हई जाई," तो म्हणाला, आणि भाता मारायला लागला.

काम मात्र त्यानं असं केलं की धुळ्याच्या मिस्तरीनंही तोंडात बोट घालावं. दांडीचं झिजलेलं टोक कापून टाकलं. त्या जागी नवा तुकडा तापवून, ठोकून, एकजीव केला. शहाद्याच्या कापसाच्या जिनातल्या फिटरकडून आटे पाडायची डाय मागून आणली आणि त्या तुकड्यावर आटे पाडले. मग पोलादाची नवी वाटी केली आणि तिच्या नळीतही तसेच आटे कोरले. आता वाटी दांडीवर फिरवून बसवता येत होती. आत फिरवली की दांडी आखूड, बाहेर फिरवली की लांब. मुंबईच्या मूळ दांडीला ही सोय नव्हती. चाकं पुन्हा जरा वाकडी झाली तर मोटार खोलायची गरज नाही, आटा फिरवला की काम झालं. ही अक्कल त्याला कुणी शिकवली नव्हती, आणि त्या अकलेचा त्याला गर्व चढला होता, हे सांगून टाकलेलं बरं.

नवमीच्या सकाळी पाटलाच्या खळ्यावर मोटार फिरवून पाहिली. मोटार डावीकडे ओढली की झिपरू खाली शिरून अर्धा आटा आत घ्यायचा, उजवीकडे ओढली की पाव आटा सोडायचा. सहाव्या फेरीला पाटलानं हातातलं चाक चक्क सोडून दिलं आणि मोटार खळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली. पाटील लहान पोरासारखा हसला. दांडीचे बरोबर दहा आटे वाटीत होते. झिपरूनं सामता, म्हणजे दोरीनं फिरवायचं गिरमिट, लावून वाटीतून आणि दांडीतून आरपार भोक पाडलं. आता त्या भोकात एक खीळ घालायची, म्हणजे दांडी आपल्याआपण फिरणार नाही.

आणि तेवढी खीळच राहिली.

झिपरूच्या घरचा रिवाज असा की नवमीला दुपारी भट्टी विझायची ती एकादशीला पेटायची. ऐरण, घण, सांडस, हातोडा सगळं धुऊन देव्हाऱ्यापुढे मांडायचं. मधल्या वेळात लोखंडावर घाव घालायचा नाही. वर्षभर मार खाणारं लोखंड तेवढे दोन दिवस निजतं, असं त्याचा बाप म्हणायचा. झिपरूनं घरी येऊन शेवटच्या आचेवर खीळ घडवली, मधून चिरलेली, दोन पायांची. पण ती बसवायला पुन्हा खळ्यावर जावं तर सूर्य डोक्यावरून ढळला असता. त्यानं खीळ हातोड्याशेजारी पूजेत ठेवून दिली.

खळ्यावरून निघताना त्यानं आपल्या धंद्याचा नियम मात्र पाळला होता. काम अर्धवट असलं की लोहार त्या चाकाला, आसाला काळी चिंधी बांधतो. चिंधी असेपर्यंत त्या गाडीला कुणी बैल जुंपत नाही, आणि ज्यानं बांधली त्याच्याच घरच्या हातानं ती सुटते. हे कळसाडीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्यानं दांडीला चिंधी बांधली. "पाटील, एक खीळ राहिली आहे, मोटार काढू नका," हे तोंडानं सांगायला हवं होतं. पण ज्या माणसानं मिस्तरीचं नाव घेऊन हिणवलं, त्याच्यासमोर 'राहिलं' हा शब्द झिपरूच्या घशातून निघेना. चिंधी सांगेल, असं म्हणून तो निघाला.

रात्री जेवताना बायकोनं, कौसाबाईनं विचारलं, "व्हई गयं का मोटरनं?"

"व्हई गयं," तो म्हणाला. बायकोपुढे तरी पुरता मोठेपणा मिरवावा, एवढंच त्याच्या मनात होतं.

दसऱ्याच्या दिवशी पहाटेच तो बहिणीकडे म्हसावदला गेला. परत आला तेव्हा सूर्य मावळायला कासराभर उरला होता. गाव रिकामं होतं. सगळे शिलंगणाला, शिवेवरच्या शमीकडे गेले होते. दुरून ढोल ऐकू येत होता. दाराला नुसती कडी. त्यानं अंगणात पाऊल टाकलं आणि दोरीकडे त्याचं लक्ष गेलं.

दोरीवर एक चिंधी वाळत होती. धुऊन, पिळून, नीट पसरलेली. तेलाचा डाग गेला नव्हता आणि काठाला कौसाच्या जुन्या लुगड्याची हिरवी नक्षी होती. चिंधी त्याच्याच हातानं फाडलेली होती. न ओळखण्याचा प्रश्नच नव्हता.

समोरच्या ओट्यावर उखा बसला होता. पाटलाचा जुना सालदार. पायाला फाळ लागला होता म्हणून मागे राहिलेला.

"उखा, हाई चिंधी आठे कशी उनी?"

"वहिनीनी आनी," उखा खुशीत म्हणाला. "दादा, आज वहिनीना काय थाट व्हता! जमनामायना बाजूले मोटरनी गादीवर बठीसन शिलंगणले गई!"

जमनामाय म्हणजे पाटलाची आई. झिपरूला पुढचं ऐकायची गरज नव्हती, तरी त्यानं विचारलं. उखानं सगळं सविस्तर सांगितलं. त्याला वाटलं, दादाला ऐकून आनंद होतो आहे.

"पाटील आगोदर नहीच म्हनेत. लोहारनी चिंधी शे, मोटर काढाव नही, इतलं त्यासले बी मालूम शे. पन जमनामाय ऐकाले तयार नही. तिनी वहिनीले बलावं. म्हने, का वं कौसा, काम राहिनं का? वहिनी म्हने, नही माय, ह्या काल सोता बोलनात, काम व्हई गयं. चिंधी सोडाले इसरनात व्हतीन. आनि सोडी टाकी तिनी. तठे लाल नाडा बांधा, झेंडूनी माळ बांधी. मंग माय म्हने, ज्यानी करं त्याना घरनं मानूस पहिलांग बठाले पाहिजे, चाल तूच बठ."

तोही रिवाज जुनाच. नवी गाडी झाली की पहिल्या फेरीला करणाऱ्याच्या घरचं माणूस गाडीत बसतं. सुताराचा पोरगा, लोहाराची बायको, कुणीतरी. ज्यानं काम केलं त्यानं आपलं माणूस आत बसवून दाखवावं, म्हणजे बाकीच्यांनी निर्धास्त बसावं. झिपरूनं हे चाळीस गाड्यांच्या वेळी केलं होतं. प्रत्येक वेळी काम पुरं झालेलं होतं.

तो घरात शिरला. देव्हाऱ्यापुढे हत्यारं मांडलेली, वर हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं. खीळ हातोड्याला टेकून निजली होती. हात पुढे गेला आणि क्षणभर थांबला. बाप डोळ्यांपुढे आला, त्याचा बाप आला. मग त्यानं फुलं बाजूला सारली, खीळ, हातोडा आणि पाना उचलून कमरेला खोचला, दोरीवरची चिंधी ओढून मनगटाला गुंडाळली आणि पळत सुटला.

पळता पळता तो हिशेब करत होता. दहा आटे. दांडीच्या दोन्ही टोकांना वाट्या, म्हणजे ती मधल्यामध्ये स्वतःभोवती फिरू शकते. खळ्याच्या सपाट जमिनीवर ती फिरली नव्हती, कारण तिथे धक्का नव्हता. वाटेवर मात्र प्रत्येक खड्डा तिला जरा जरा फिरवणार. एक आटा सुटला की दांडी तेवढी लांब, दुसरा सुटला की आणखी लांब. दहावा सुटला की वाटी एकीकडे आणि दांडी एकीकडे. मग पाटलानं हातातलं चाक फिरवलं काय आणि पंखा हलवला काय, सारखंच.

मारुतीच्या देवळापाशी वरची माती उन्हानं भुगा झाली होती. तिच्यावर सगळ्यांच्या मागून निघालेल्या मोटारीच्या चाकांचा माग उमटला होता, दोन रेघा, सुतात ओढाव्या तशा सरळ. झिपरूला हायसं वाटलं. अजून दहाच्या दहा असतील.

चिंचांच्या रांगेपाशी माग एकदा डावीकडे सरकला होता आणि पुन्हा वाटेवर आणला होता. दोन गेले.

विहिरीच्या वळणावर तो पुन्हा डावीकडे गेला होता. या वेळी हातभर. वाटेच्या कडेचं एरंडाचं झाड मोडून पडलं होतं. पाटलाला कळलं असणार की मोटार ओढते आहे. पण तीन वर्षं ती ओढतच होती; त्याला त्यात नवल काय वाटणार? त्यानं हातातलं चाक आणखी तिरपं धरलं असेल, बस. चार गेले. कदाचित पाच.

झिपरूच्या बरगड्यांत कळ आली. पन्नाशीतला देह, पायांत काटे, छातीचा भाता. त्यानं वाट सोडली आणि पाटलाच्याच कपाशीतून आडवा घुसला. बोंडं पायाखाली चिरडत होती. त्याला कौसा दिसत होती. नवं लुगडं नेसली असेल. आयुष्यात कधी मोटारीत बसली नव्हती. आज बसली, ते नवऱ्याच्या शब्दावर. 'व्हई गयं' या एवढ्याशा शब्दावर. त्याला स्वतःच्या जिभेची इतकी चीड आली की पळता पळता तो स्वतःलाच शिव्या घालू लागला.

शीव नाल्यापलीकडे होती. पलीकडची वाट शमीपासून नाल्यात उतरायची. उतार अवघड, आणि उतरणाऱ्याच्या डाव्या हाताला खाली डोह, आश्विनातही दोन पुरुष पाण्याचा. उजव्या हाताला मातीची उभी दरड. बैलगाड्या इथे उतरताना चाकाखाली दगड लावत लावत उतरायच्या. ते दगड वाटेच्या कडेला कायमचे पडलेले असत.

झिपरू अलीकडच्या काठावर पोचला तेव्हा पूजा आटोपली होती. गाड्या, माणसं, ढोल, सगळा लोंढा परत फिरला होता आणि सर्वांच्या पुढे, आपट्याच्या डहाळ्यांनी मढलेली, रूपचंद पाटलाची मोटार उताराच्या तोंडाशी आली होती.

"थांबाडा! मोटर थांबाडा!" तो ओरडला. ढोलानं त्याचा आवाज गिळला. लोकांनी हात हलवले. कुणीतरी सोनं उधळलं. झिपरू लोहार आपलं काम बघायला धावत आला, असंच सर्वांना वाटलं.

तो नाल्यात उतरला, घोटाभर पाणी तुडवलं आणि उतार चढू लागला. मोटार खाली येत होती. मागच्या गादीवर जमनाबाई ताठ बसलेली, शेजारी कौसा, एका हातानं पदर आणि दुसऱ्या हातानं टपाचा दांडा धरलेली. नवरा दिसताच ती हसली. लाजून, तोंडापुढे पदर घेऊन. ते हसणं झिपरूच्या काळजात रुतलं.

मग त्याची नजर खाली गेली, उजव्या चाकामागच्या दांडीवर. तिला बांधलेली झेंडूची माळ हातभर लोंबत असायला हवी होती. ती लोंबत नव्हती. सुताच्या चातीवर धागा गुंडाळावा तशी दांडीवर गुंडाळली गेली होती. दांडी जितक्या वेळा फिरली, तितके वेढे. त्यानं मोजले. मोटार हलत होती, तरी त्यानं मोजले. आठ. पुढच्या खड्ड्यात चाक आदळलं आणि दांडी त्याच्या डोळ्यांदेखत आणखी एकदा फिरली. नऊ.

तो वाटेच्या मधोमध उभा राहिला आणि दोन्ही हात वर केले.

"बाजूले व्हय रे!" पाटील ओरडला. भोंगा वाजला. झिपरू हलला नाही. पाटलानं ब्रेक दाबला. चाकं मुरमावरून घसरत राहिली. मग झिपरूला वाचवायला त्यानं हातातलं चाक दरडीकडे, उजवीकडे, जोरानं फिरवलं. तेवढ्या जोरानं उरलेला आटा सुटला.

खण्णकन आवाज आला. पाटलाच्या हातातलं चाक गरगर फिरलं, रिकाम्या रहाटासारखं. दांडीचं टोक जमिनीवर घासत ठिणग्या काढू लागलं. मोटारीचं तोंड हळूहळू, कुणालाही न विचारता, डोहाकडे वळायला लागलं.

ढोल थांबला. माणसं धावली. ज्याच्या हाती जो दगड आला तो घेऊन सगळे डाव्या चाकाकडे धावले, कारण डोह त्या बाजूला होता आणि बैलगाडी तशीच अडवतात. झिपरूनं कडेचा एक मोठा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि तो उलट्या बाजूला, उजव्या चाकापुढे पळाला.

"आठे नही! तिकडे! त्या बाजूले लाव!" लोक ओरडले.

त्यानं ऐकलं नाही. चाकं आता कुणाच्या हातात नाहीत, ती फक्त धक्क्याचं ऐकणार, हे तिथे एकट्या त्यालाच माहीत होतं. डाव्या चाकाला दगड लागला तर ती डावीकडेच वळणार, थेट पाण्यात. उजव्याला लागला तर दरडीकडे. त्यानं गुडघे टेकले आणि दगड चाकापुढे रेटला. हात काढायला अर्धा क्षण उशीर झाला. करंगळीवरून काहीतरी गेलं. चाक दगडावर आदळलं, दोन्ही चाकं एकदम उजवीकडे वळली, आणि मोटार दरडीच्या मातीत नाक खुपसून थांबली. आपट्याची पानं बराच वेळ खाली पडत राहिली.

कुणी मेलं नव्हतं. जमनाबाई रामनाम घेत होती. कौसाच्या कपाळाला खोक पडली होती आणि रक्त भुवईवरून ओघळत होतं. झिपरू तिच्याकडे जाणार तोच पाटील उडी मारून खाली आला.

"हराम्या, आडवा उना तू! मायले मारतास तू आज!"

मग त्याला लोंबणारी दांडी दिसली. त्यानं वाकून टोक हातात घेतलं, रिकाम्या भोकावरून बोट फिरवलं. त्याला मोटारीतलं बरंच कळत होतं. त्याचा आवाज एकदम खाली आला आणि जास्त भीतीदायक झाला.

"आठे खीळ नही. काम राहेल व्हतं. चिंधी कोन सोडी?"

सगळं गाव कौसाबाईकडे बघू लागलं. ती पदरानं रक्त टिपत खाली उतरली. तिनं नवऱ्याच्या कमरेला खोचलेली खीळ पाहिली, मनगटावरची चिंधी पाहिली, आणि सगळं तिच्या ध्यानात आलं. ती अडाणी होती, पण तीस वर्षं लोहाराच्या घरात काढली होती.

"मी सोडी," ती म्हणाली. "ह्यासनी सांगेल व्हतं माले, काम राहिनं शे म्हनीसन. मन्हंच ध्यान नव्हतं. मन्ही चूक शे, पाटील."

गर्दीतून "बाईनी अक्कल!" असं कुणीतरी म्हणालं आणि दोघे-तिघे हुंकारले. गावाला उत्तर मिळालं होतं. झिपरूला सुटल्यासारखं वाटलं. होय, वाटलं; एक क्षण, पण वाटलं. नुसतं गप्प राहायचं होतं. चाळीस गाड्यांचं नाव शाबूत राहत होतं, मोटार वाचवणारा म्हणून वर मानही मिळणार होता. कौसानं कपाळावरचं रक्त पुसता पुसता त्याला हे सगळं देऊन टाकलं होतं, आणि त्याच्याकडे ती बघतसुद्धा नव्हती.

"नही," झिपरू म्हणाला. "नही, पाटील. ती खोटं बोली ऱ्हायनी. मी तिले सांगं, व्हई गयं. काम व्हयेल नव्हतं. तुम्हले बी मी तोंडे सांगं नही. माले लाज वाटनी. तुम्ही मिस्तरीनं नाव काढं व्हतं."

पाटलानं हातातलं दांडीचं टोक खाली ठेवलं.

झिपरू मोटारीखाली शिरला. करंगळीचं नख गेलं होतं. रक्त दांडीवरच्या झेंडूंवर पडत होतं. माणसांनी मोटार मागे ओढली, त्यानं माळ सोडली, टोक वाटीच्या नळीत लावलं आणि दांडी फिरवू लागला. एक, दोन, तीन. दहाव्याला भोकासमोर भोक आलं, पलीकडचा उजेड दिसला. त्यानं खीळ घातली. मग दसऱ्याच्या दिवशी, शिवेवर, सगळ्या गावादेखत त्यानं लोखंडावर घाव घातला. एक पाय इकडे वळवला, एक तिकडे. दर घावाला त्याला वाटत होतं की बाप ऐकतो आहे. ऐकू दे, म्हणाला मनात. ऐकायलाच हवं.

तो बाहेर आला. मोटारीच्या मागच्या गाड्या तशाच खोळंबल्या होत्या आणि वाट एकच होती. मोटार हलल्याशिवाय कुणी घरी जाणार नव्हतं. जमनाबाईनं घसा खाकरला.

"मंग आते पहिलांग कोन बठी?" ती म्हणाली. रिवाज म्हणजे रिवाज. मोटार पुन्हा दुरुस्त झाली होती, पुन्हा करणाऱ्याच्या घरचं माणूस हवं होतं. "मी ते आते बठावनी नही, पहिलेच सांगी ठेवस."

"मी बठस," झिपरू घाईनं म्हणाला.

"तुम्ही थांबा," कौसाबाई म्हणाली.

ती पुढे आली. तो वाट पाहत होता की ती विचारेल, व्हई गयं का? या वेळी तो छातीवर हात ठेवून सांगणार होता. त्याचे ओठ त्या शब्दासाठी तयारसुद्धा झाले होते. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, गावासमोर थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

तिनं विचारलं नाही. नवं लुगडं आवरून ती चाकापाशी मातीत बसली, हात आत घातला आणि चाचपत चाचपत खीळ शोधली. एक पाय वळलेला आहे का बघितलं. बोट पलीकडे नेऊन दुसरा बघितला. दांडी धरून दोनदा हिसडली. मग हाताचं तेल मातीला पुसलं आणि मोटारीत जाऊन बसली.

"चालू करा, पाटील," ती म्हणाली.